शार्कच्या तोंडातली कवळी

माझी बायको दात करते आणि मी कान तपासतो. आमच्या भागातली वय झालेली बरीचशी माणसं आम्हा दोघांत वाटून गेली आहेत. त्यांचं चावणं तिच्याकडे, ऐकणं माझ्याकडे. मुलीच्या लग्नाच्या वेळी माझा मेहुणा म्हणाला होता, चष्मेवाला जावई बघा, म्हणजे अख्खा चेहरा घरातल्या घरात होईल. मुलीनं पूल बांधणारा शोधला. असो.

गोष्ट बायकोची आहे, तेव्हा आधी तिचं काम सांगतो. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात आणि त्यावरून कवळी करते ती ही. घराच्या मागच्या खोलीत तिचं टेबल आहे. फळीवर प्लास्टरचे जबडे रांगेनं मांडलेले असतात, त्यामुळे नवा पाहुणा आला की त्या खोलीचं दार आम्ही ओढून घेतो. मेणात एकेक दात बसवायचा, मग मेण काढून तिथे हिरडीच्या रंगाचा गुलाबी मसाला भरायचा, तो शिजवायचा, घासायचा, चकचकीत करायचा. एखादा दात ती मुद्दाम केसभर वाकडा बसवते. सगळे सरळ असले की माणूस खोटा वाटतो, असं तिचं म्हणणं. कवळी चांगली झाली तर नाव डॉक्टरचं आणि टोचली तर दोष हिचा, हे तिनं केव्हाच मान्य केलेलं आहे. मी केलेलं नाही. त्यातला एखादा डॉक्टर रस्त्यात दिसला तर मी सरळ दुकानाच्या काचेत बघत उभा राहतो.

माझं काम याच्या उलट, तिथे काहीच दिसत नाही. जाड दाराची एक छोटी खोली, आत माणूस, त्याच्या कानांवर हेडफोन. बाहेरून मी बारीक बारीक आवाज सोडतो आणि ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. दिवसभर मी या अशा आवाजांच्या मागे असतो, आणि ऐकू येत नसताना काचेतून माझा खांदा हललेला दिसला की बटण दाबणाऱ्या लबाडांच्याही मागे. लोकांना डोळ्यांना चष्मा लागला तर चालतो, पण कान गेले म्हटलं की अपमान होतो. घरी येतो तेव्हा मी पार पिळून निघालेला असतो.

त्यामुळे आमच्या घरात एक रिवाज पडला. मी कामावरून आलो की शांतता. तिचं घासायचं यंत्र बंद, रेडिओ बंद, भांडी हळू. "बाबांचे कान थकलेत," असं ती मुलीला सांगायची. मुलगी लहान असताना बिस्किटाचा पुडा न्हाणीघरात जाऊन फोडायची. हा रिवाज मी काही मागून घेतलेला नव्हता, तो आपोआप आला आणि राहिला. पुढे मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली आणि ती संध्याकाळची शांतता हळूहळू दिवसभर पसरली. आमचं भांडण नव्हतं, कशाची कमी नव्हती. मला वाटायचं, छान चाललंय.

मग कपडे धुवायचं मशीन बिघडलं.

दुरुस्तीवाला आठवडाभर येणार नव्हता, म्हणून ती कपड्यांची पिशवी घेऊन चौकातल्या लाँड्रीत गेली. तिथे रांगेनं मोठी मशीनं आहेत, कपडे टाकायचे आणि बाकावर बसून राहायचं. ती परत आली ती उशिरा, आणि माझे शर्ट ओलेच. "सुकवायच्या मशीनमध्ये टाकायचे राहिले," म्हणाली. राहिले कसे, हे मी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात दुरुस्तीवाला येऊन गेला, आमचं मशीन सुरळीत चालू झालं, तरी ही पिशवी भरून निघाली. पडदे घरच्या मशीनमध्ये नीट निघत नाहीत म्हणे. त्याच्या पुढच्या वेळी चादरी. आमच्या घरात एवढ्या चादरी आहेत हे मला तेव्हा कळलं. एका रविवारी ती आदल्या दिवशीच धुतलेल्या चादरी पिशवीत भरताना मी तिला पाहिलं.

संशय म्हणावा असा संशय नव्हता. पण बायको घरातून निघताना इतकी खूश का दिसते, हा प्रश्न कुठल्याही नवऱ्याला पडतो. मी एक उशीचा अभ्रा काढला, तो राहिला होता असं म्हणायचं ठरवलं आणि तिच्या मागे गेलो.

लाँड्रीच्या दाराबाहेरच मला तिचा आवाज आला. "अरे मेल्या! इकडे, इकडे ये! गाढवा, तिकडे कुठे चाललास?" आणि मग हसणं. खदाखदा, मध्येच नाकातून घोरल्यासारखा आवाज काढत. मी जागच्या जागी थांबलो. कानांच्या धंद्यात माझी उभी हयात गेली आहे, तो आवाज मी हजारांतून ओळखला असता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती असं हसायची. कधी थांबली ते मला सांगता येईना. आवाज एकदम जातो तेव्हा माणूस धावत माझ्याकडे येतो, हळूहळू जातो तेव्हा त्याला पत्ताच नसतो. हे मी रोज लोकांना सांगतो.

आत गेलो. कोपऱ्यात, साबणाच्या पेटाऱ्यांच्या मागे, एक जुनाट पिनबॉलचं मशीन होतं आणि त्याच्यासमोर चपला काढून, पदर खोचून माझी बायको उभी होती. ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पाय लावलेलं, तुमच्याकडे थोडं उतरतं असं काचेचं टेबल. आत पोलादी गोळी. दट्ट्या ओढून सोडला की गोळी वर जाते आणि इकडेतिकडे आपटत, घंटा वाजवत, गुण मिळवत खाली येते. खाली मधोमध भोक. तिथे जाण्याआधी तिला परत वर उडवायला बोटाएवढ्या दोन पट्ट्या असतात, त्यांची बटणं टेबलाच्या दोन बाजूंना. गोळी भोकात गेली की संपलं. एवढाच खेळ, पण बायको त्या गोळीशी ज्या भाषेत बोलत होती ती भाषा मी आमच्या घरात कधी ऐकली नव्हती.

तिनं मला पाहिलं आणि हसणं असं मिटलं की जणू कुणी नळ बंद केला.

"अहो, तुम्ही? काय झालं?"

"अभ्रा राहिला होता," मी म्हणालो.

घरी येताना तिनं सगळं सांगितलं. तिच्या मामाचं बस अड्ड्याजवळ गेम पार्लर होतं. सुट्टीत ती तिथेच असायची, मशीनच्या काचा पुसायची आणि त्याबदल्यात फुकट खेळायची. पेटीवर उभी राहून. मोठमोठी मुलं खेळ सोडून तिच्याभोवती गोळा व्हायची म्हणे. मग मामानं पार्लर विकलं, ही दातांचं काम शिकायला गेली, आणि विषय संपला. लाँड्रीत पहिल्या दिवशी नुसतं बघू म्हणून तिनं दट्ट्या ओढला होता.

"एवढी वर्षं बोलली नाहीस कधी?"

"त्यात सांगण्यासारखं काय होतं?" ती म्हणाली.

मला वाईट वाटलं, ते तिनं सांगितलं नाही याचं नाही. असं हसायला तिला साबणाच्या पेटाऱ्यांमागे जावं लागतं, याचं. ते हसणं मला घरी हवं होतं. बाकी मला त्या मशीनचं सोयरसुतक नव्हतं.

संधी आपणहून चालून आली. लाँड्रीवाल्याला त्या कोपऱ्यात सुकवायचं नवं मशीन ठेवायचं होतं, आणि पिनबॉलची एक पट्टीही आता मान टाकू लागली होती. भंगारवाला न्यायला येणार आहे, असं कळल्यावर हिचा चेहरा उतरला. मीच म्हटलं, "घेऊन टाकू."

"काहीतरीच! घरात कुठे? आणि तुम्हाला..."

"मला काय? जेवणाचं टेबल भिंतीला लावू. दोन माणसांना असं कितीसं टेबल लागतं?"

लाँड्रीवाला बोलायला लागला की त्याची वरची कवळी शब्दाच्या आधी खाली यायची. पहिल्या दिवसापासून हिचे हात शिवशिवत होते. भंगारवाला देणार होता तेवढे पैसे आणि वर एक नवी कवळी, असा सौदा झाला. त्यानं डॉक्टरकडून माप आणून दिलं, हिनं कवळी करून दिली, आणि नवे दात लावून त्यानं भरल्या दुकानात एक सफरचंद कराकरा खाऊन दाखवलं. मग पहिलं वाक्य बोलला ते असं, "ताई, मशीन परत मागू नका म्हणजे झालं. परत देऊ नका, असं म्हणायचं होतं मला." दात बसले होते, डोकं अजून बसायचं होतं.

मशीन घरी आणणं हा एक वेगळाच तमाशा झाला. पाय काढले, वरचा आकड्यांचा फळा आडवा केला, तरी दोन हमाल जिन्याच्या वळणावर अडकून एकमेकांच्या नावानं शंख करू लागले. खालच्या मजल्यावरच्या बाई दार उघडून बघतात तो चादरीत गुंडाळलेली लांबलचक पेटी. त्यांनी तोंडावर हात ठेवला. "कोण गेलं हो?"

"गेलं कोणी नाही," मी ओरडून सांगितलं. "आलंय." ओरडावंच लागतं. त्यांचे कान मीच तपासले आहेत, त्यामुळे आवाजाचा त्रास त्यांना होईल ही काळजी मला मुळीच नव्हती.

पुढचे दिवस ही मागच्या खोलीतून बाहेर येईना. मशीनच्या काचेखाली रंगीत समुद्र होता, त्यात जहाज, ऑक्टोपस आणि तोंड वासलेला शार्क. गोळी शार्कच्या तोंडात गेली की तो ती परत थुंकायचा आणि भरघोस गुण द्यायचा. पण जहाजावरून येणारी प्लास्टिकची घसरगुंडी मधोमध तुटली होती आणि शार्कचे दात केव्हाच पडले होते. पट्टीची जळालेली तार एका पंखे दुरुस्त करणाऱ्यानं गुंडाळून दिली. बाकी सगळं हिनं केलं. घसरगुंडीचा साचा घेतला आणि नवी घसरगुंडी ओतली, कवळीच्या गुलाबी मसाल्याची, कारण घरात तोच होता. आता ते जहाज हिरडीवर उभं आहे असं वाटतं.

आणि शार्कला तिनं वरची अख्खी कवळी केली. माणसाची. केल्यावर कळलं की गोळी आत जाते पण बाहेर येताना अडते. मग तिनं तेच केलं जे चावा जुळवताना करतात. गोळीला निळा कागद गुंडाळून ती शार्कच्या तोंडातून फिरवली, जिथे निळे डाग उमटले तिथे घासलं, पुन्हा फिरवली, पुन्हा घासलं. "आता टोचणार नाही त्याला," असं स्वतःशीच म्हणाली. एक दात अर्थातच केसभर वाकडा होता. तो शार्क आता एखाद्या निवृत्त हेडमास्तरासारखा दिसतो.

मशीन लागलं त्या संध्याकाळी मी लवकर घरी आलो. दिवे पेटले, आकडे फिरले, तिनं दट्ट्या ओढला. गोळी वर गेली, जहाजावर चढली, गुलाबी घसरगुंडीवरून उतरली, शार्कनं घेतली, थुंकली. ती खेळत होती तेही झकास. पण सगळं कसं थप् थप् थप्. घंटा नाही, काही नाही. आणि तीही ओठ घट्ट मिटून खेळत होती.

"घंटा वाजत नाहीत?" मी विचारलं.

"त्या कामातून गेल्यात. जुनं मशीन ना," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. तो खेळ संपला तशी तिनं दिवे बंद केले. "बसा तुम्ही. चहा टाकते."

रोज तेच. मी घरी आलो की चारदोन गोळ्या, मुक्यानं, आणि दिवे बंद. एकदा गोळी अगदी शेवटच्या क्षणी वाचली, तेव्हा तिचे खांदे हलले. मी कान टवकारले. काही नाही. मला खरंच वाटू लागलं की ते हसणं त्या लाँड्रीचं होतं, ते उचलून आणता येत नाही. मुलीशी फोनवर बोलताना मी म्हणालोही, "तुझ्या आईला खेळणं मिळालं, पण खेळ संपला बघ." ती म्हणाली, "बाबा, तुम्ही विचारा ना तिला." सल्ले देणं सोपं असतं.

मी वेगळं केलं. घंटा दुरुस्त करून तिला चकित करायचं ठरवलं. त्या कुठल्या जातीच्या आहेत हे विचारायला लाँड्रीवाल्याकडे गेलो.

"घंटा?" तो म्हणाला. कवळी आता जागची हलत नव्हती. "घंटांना काय झालं? मशीन नेलं त्या दिवशी सकाळपर्यंत ठणाठणा वाजत होत्या की! मीच वैतागलो होतो."

मी घरी आलो. ती तयार काम पोचवायला डॉक्टरकडे गेली होती. मशीनचं पुढचं झाकण उघडलं आणि विजेरी आत धरली. घंटा शाबूत होत्या. प्रत्येक घंटेवर एक टोपी होती, मापं घ्यायच्या जांभळ्या रबरी मसाल्याची. ओबडधोबड गोळा नव्हे. घंटेच्या अंगाला तंतोतंत बसणारी, कडा कापलेली, घासून गुळगुळीत केलेली. फुकट खेळ मिळाला की ठोका देणाऱ्या लाकडी हातोडीलाही एक छोटीशी टोपी. माझ्या कानांना त्रास होऊ नये म्हणून तिनं आपल्या मशीनची वाचा बसवली होती, आणि सोबत स्वतःचीही.

मला राग आला आणि रडूही आलं. आधी राग. कुणाच्या परवानगीनं हिनं माझ्या वतीनं हे ठरवलं? कुठल्या दिवशी मी म्हणालो की मला आवाज नको? मी गुडघे टेकून एकेक टोपी काढली. निघता निघेनात, इतक्या छान बसल्या होत्या. मग उठलो, मशीन चालू केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा दट्ट्या ओढला.

काय आवाज झाला! मी दचकून मागे सरलो, तोवर गोळी गेली. दुसरी ओढली. तीही गेली, पण जाताना अशी काही ठणठणली की भिंतीवरचं घड्याळ थरथरलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी दोन्ही बटणं सारखी दाबत होतो.

दारात पिशवी खाली पडल्याचा आवाज आला.

"अहो! हे काय? कान फुटतील तुमचे!" ती धावत आली आणि बंद करायला तिनं हात पुढे केला. मी तो धरला.

"माझ्या कानांचं मी बघतो. तू कोणाला विचारून या टोप्या घातल्यास?"

"विचारायचं काय त्यात? एवढी वर्षं बघते ना मी. घरी आलात की डोळे मिटून बसता. शब्द बोलवत नाही तुम्हाला."

"अगं, भूक लागलेली असते मला!"

"भूक?" ती म्हणाली.

"दिवसभर मी कसले आवाज ऐकतो माहितीये?" मी म्हणालो. आता थांबणं शक्य नव्हतं. "जे आहेत की नाहीत हेच कळत नाही असे. घरी आल्यावर मला वाटतं, कोणीतरी भांडं आपटावं, ओरडावं, शिव्या द्याव्यात. लाँड्रीच्या दारात तुझं हसणं ऐकलं ना, म्हणून हे मशीन घेतलं मी. समुद्र आणि शार्क बघायला नाही घेतलं. तू परत तशी हसावीस म्हणून घेतलं."

"मग बोलला का नाहीत इतकी वर्षं?"

"तू विचारलंस का?"

"तुम्ही गप्प बसलेले असायचात, विचारणार कसं?"

मी तिचा हात सोडला. ती मशीनकडे वळली. चपला काढल्या. पदर खोचला. दट्ट्या ओढला तो आधी भीतभीत, मग बेतानं, आणि तिसऱ्या गोळीला तिचं ते पट्टीवर पट्टी मारणं असं सुरू झालं की सगळ्या घंटा एकदम वाजू लागल्या. ठोका पडला तो बंदूक उडावी तसा. ती ओठ चावत होती, पण अजून ओरडत नव्हती. दर घंटेला माझ्याकडे चोरून बघत होती. सवय अशी एका संध्याकाळीत जात नाही, हे मलाही कळत होतं.

"आता तुम्ही," ती बाजूला होत म्हणाली. "दोघांचा खेळ लावलाय मी."

मी बाह्या सरसावल्या. तिनं दहादा केलेलं बघितलं होतं, त्यात एवढं काय आहे? दट्ट्या पूर्ण ओढून सोडला. गोळी वर गेली, वळली, जहाजाला लागली नाही, ऑक्टोपसला लागली नाही, शार्ककडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ मधून खाली आली. मी दोन्ही बटणं जिवाच्या आकांतानं दाबली. गोळी दोन पट्ट्यांच्या मधून, कशालाही न शिवता, भोकात गेली. फळ्यावर शून्य.

"झालं?" मी विचारलं.

"झालं," ती म्हणाली. तिचे खांदे हलायला लागले. "अहो... शून्य? शून्य काढणं... तेही कठीण असतं हो!" आणि मग ती सुटली. खदाखदा, नाकातून घोरत, मशीनला धरून खाली बसली, डोळे पुसले, फळ्याकडे बघितलं आणि पुन्हा सुटली. "गाढवा," असं एकदा म्हणाली, आणि या वेळी ते गोळीला नव्हतं.

मला खेळता येत नाही हे सिद्ध झालं होतं, आणि एवढ्यात ते येऊ नये असंच मला वाटत होतं. "थांब, अजून एकदा," मी म्हणालो आणि दट्ट्या ओढला.